तिसरीच्या पोटातलं पाणी

मासे खाणाऱ्या मराठी घरांत पापलेटवरून सहसा वाद होत नाही. ताजं मिळालं की सगळे खूश. तिसऱ्या आणल्या की मात्र स्वयंपाकघरात चार माणसांची पाच मतं होतात. विळीवर उघडायच्या की वाफेवर? एक शिंप ठेवायची की दोन्ही? वाटण घालायचं की नुसतं तिखट आणि लसूण? आंबटाला चिंच, आमसूल की कैरी? रस ठेवायचा की आटवायचा? आणि गेल्या काही वर्षांत या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न पुढे आला आहे. मुंबईच्या खाड्यांतल्या तिसऱ्या खाव्यात का? अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या घरांत या प्रश्नांची उत्तरं आज काय दिली जातात, ती कुठून आली आणि त्यांत अजून काय अडलेलं आहे, ते या लेखात पाहायचं आहे.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. वाढले भांडुपला आणि लग्न होऊन गेले मढच्या कोळी घरात. आता अंधेरीला राहते. या विषयात ज्या दोन पद्धतींची सगळ्यात जास्त ओढाताण होते, त्या दोन्हींचं कालवण मी पोटभर जेवलेली आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे येईलच, पण आधी प्रत्येकाचं म्हणणं नीट ऐकू.

नावांचा घोळ

आपण 'तिसऱ्या' म्हणतो तेव्हा एकाच प्राण्याबद्दल बोलत नसतो. शास्त्रज्ञ ज्यांना मेरेट्रिक्स म्हणतात ते गुळगुळीत, पिवळट-तपकिरी, जाड कवचाचे शिंपले तिसऱ्याच. पॅफिया किंवा पूर्वी कॅटेलिशिया म्हणत ते बारीक रेघांचे शिंपलेही बाजारात तिसऱ्या म्हणूनच येतात. आगरी-कोळी घरांत त्यांना शिवल्या म्हणतात. सिंधुदुर्गात मोठ्या शिंपल्यांना मुळे म्हणतात. खुबे या नावाखाली तर वेगवेगळ्या खाड्यांत वेगवेगळे शिंपले विकले जातात. कालवं वेगळी, ती खडकाला घट्ट चिकटलेली असतात. शिनाणे वेगळे, हिरवट काळ्या लांबट कवचाचे.

हा घोळ केवळ शब्दांचा नाही. जाड कवचाची मेरेट्रिक्स विळीवर उघडायला हात लागतो, पण तिच्यात गर भरपूर असतो. पातळ कवचाची तिसरी वाफेवर क्षणात उघडते आणि तितक्याच लवकर चिवट होते. दोन घरांच्या पद्धतींत जो फरक दिसतो, त्यातला काही भाग मुळात त्यांच्या खाडीत मिळणाऱ्या शिंपल्याचा असतो. वाद घालताना हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

खाड्यांमधली साष्टी

मुंबईची उपनगरं ज्या साष्टी बेटावर वसली, त्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, पश्चिमेला मालाड आणि मनोरीच्या खाड्या. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटरपर्यंत वरखाली होते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी लांबवर जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला चिखल उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत तेवढा पडत नाही. म्हणून तिसऱ्या वेचायचं वेळापत्रक चंद्रावर चालतं. वेचणाऱ्या बहुतेक बायका. चिखलावरचं बारीक भोक बघायचं, तिथे बोटं किंवा लोखंडी पाती घालायची, हाताला लागलेला शिंपला टोपलीत टाकायचा. याला होडी लागत नाही, जाळं लागत नाही. मे अखेरीस यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी बंदी असते, तेव्हाही हा चिखल बाईच्या पायाखाली असतोच. कोळीवाड्यातल्या बाईची ही स्वतःच्या हातची कमाई होती.

या खाड्यांच्या काठी कोळी होतेच. गोराई, मनोरी, मरोळ, कुर्ला या गावांतले मराठी बोलणारे ख्रिस्ती होते. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यकारभाराला पन्नास वर्षं झाली, त्या सुमारास गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपलं वेगळेपण दाखवण्यासाठी त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. पाठारे प्रभू आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरं मुंबईत जुनी, त्यांची पुढची पिढी पार्ले-अंधेरीकडे सरकली. सारस्वत आले. आणि सगळ्यात मोठी भर पडली ती कोकणातून गिरणगावात आलेल्या माणसांची. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, लालबाग-परळच्या खोल्या विकल्या गेल्या आणि ही कुटुंबं भांडुप, मुलुंड, बोरिवली, दहिसरला आली. खोबऱ्याचं भाजकं वाटण त्यांच्याबरोबर आलं. एका मजल्यावरच्या चार दारांमागे तिसऱ्यांची चार वेगळी कालवणं शिजू लागली, ती या काळात. वाद तेव्हाच सुरू झाला, कारण त्याआधी शेजारच्या भांड्यात डोकवायची वेळच फारशी येत नव्हती.

उघडायची कशी

तिसरी दोन स्नायूंनी कवच मिटून धरते. मागच्या बाजूचा लवचिक बंध कवच सतत उघडायला बघत असतो, स्नायू ते ओढून ठेवतात. स्नायू कापला किंवा उष्णतेने सैल पडला की शिंपला उघडतो. उघडण्याच्या सगळ्या पद्धती एवढ्याच तत्त्वावर चालतात. फरक पडतो तो आत कोंडलेल्या पाण्याचा. ते पाणी खारट, किंचित गोडसर असतं आणि समुद्राचा सगळा वास त्यात असतो. माझ्या मते तिसऱ्यांच्या पाककलेतले सगळे वाद शेवटी या पाण्याचे आहेत.

विळीवर उघडणाऱ्यांचं म्हणणं असं की कच्ची तिसरी उघडली की पाणी वाया जात नाही आणि गर शिजतो तो मसाल्यातच. माझ्या सासूबाई पाटावर बसून विळीखाली स्टीलचा टोप ठेवायच्या. तिसरी डाव्या हातात घ्यायच्या, पात्याच्या धारेवर तिची फट टेकवायच्या आणि दोन्ही हातांनी एकदाच दाबायच्या. कट्ट असा आवाज यायचा, पाण्याची धार टोपात पडायची. मग पात्याने गर एका शिंपेत सारून दुसरी शिंप बाजूला. शंभर तिसऱ्यांना त्यांना पाऊण तास लागायचा आणि मला दोन तास, शिवाय अंगठ्याला चीर. टोपातलं पाणी त्या थोडा वेळ स्थिर ठेवायच्या, खाली बसलेली रेती तळाशी सोडून वरचं निवळ पाणी कालवणात घालायच्या. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. कित्येकदा ते लागायचंच नाही.

वाफेवर उघडणाऱ्यांचा मुद्दा वेगळा आणि तोही भक्कम आहे. कोरड्या पातेल्यात झाकण ठेवून तीन-चार मिनिटं वाफ दिली की तिसरी आपोआप उघडते, न उघडलेली टाकून देतात. पातेल्याच्या तळाशी जमलेलं पाणी गाळून घेता येतं, रेती जास्त चांगली निघते. विळी नसलेल्या, ओट्यावर उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या घरांना हाच मार्ग आहे. त्यात खोट एवढीच, की गर एकदा वाफेवर आणि एकदा मसाल्यात असा दोनदा शिजतो आणि हात जरा सुटला तर रबरासारखा होतो.

तिसरी वाट अलीकडची. तिसऱ्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायच्या, बाहेर काढून सैल झाल्या की सुरीने सहज उघडतात. अंगठा वाचतो. पण गोठवल्यावर मरते ती प्रत्येक तिसरी, त्यामुळे आधी कुठली जिवंत होती आणि कुठली नव्हती हे नंतर कळायला मार्ग उरत नाही. म्हणून फ्रीझरमध्ये टाकण्याआधी एकेक तपासून घ्यावी लागते. हाताला जड लागते ती चांगली. उघड्या तिसरीवर टिचकी मारली आणि ती मिटली तर जिवंत. मिटली नाही तर ती टाकायची, मग ती कितीही मोठी असो.

रेती काढण्यावरही दोन मतं आहेत. बऱ्याच घरांत तिसऱ्या नळाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. गोड्या पाण्यात तिसरी कवच घट्ट मिटून घेते आणि आतली रेती आतच राहते. मिठाच्या पाण्यात, समुद्राइतक्या खारट, दोन-तीन तास अंधारात ठेवली तर ती नळ्या बाहेर काढून पाणी खेचते आणि रेती टाकते. नंतर पातेल्याच्या तळाशी साचलेला राखाडी थर बघितला की हा वाद मिटतो.

एक शिंप की दोन, हा प्रश्न रुचीपेक्षा रीतीचा. सारस्वत घरांतली एकशिपी तिच्या नावातच ते सांगते. गर एका शिंपेत राहतो, त्यावर ओलं खोबरं, मिरची आणि चिंचेचं वाटण बसतं, कांदा मऊ होतो आणि जेवणारा शिंप उचलून ओठाला लावतो. दोन्ही शिंपा ठेवणारे म्हणतात की रसाला कवचाची चव लागते. दोन्ही काढून नुसता गर शिजवणारी घरंही आहेत, विशेषतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तिथे. ऑनलाइन मासळी विकणारे पाकिटात देतात तोही नुसता गरच. त्यात पाणी नसतं, आणि पाणी नसलेल्या तिसरीला मसाला कितीही चांगला असला तरी काहीतरी कमी राहतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस, वाटण आणि आंबट

कोळी घरांतलं कालवण पातळ असतं. लसूण ठेचून तेलात, हळद, घरचा कोळी मसाला, चिंचेचा कोळ आणि तिसऱ्यांचं पाणी. नारळ नाही, किंवा असला तर नावापुरता. काही घरांत बटाट्याच्या फोडी. मढला आमच्या घरी बटाटा असायचाच, तो रस पिऊन घेई आणि घरातली मुलं आधी त्यावरच तुटून पडत. तांदळाची भाकरी मोडून त्यात बुडवायची. या पद्धतीच्या बाजूने सांगितलं जाणारं कारण सरळ आहे. चिखलात वाकून वेचलेल्या जिन्नसाची चव खोबऱ्याखाली झाकायची कशाला?

मालवणी बाजू याच्या उलट उभी नाही, जरी तशी दाखवली जाते. भाजलेला कांदा आणि खोबरं, धणे, मालवणी मसाला, आमसूल. खोबरं भाजल्यावर त्यात जो गोडवा येतो तो तिसरीच्या खारटपणाला सावरून घेतो, असं माझी आई म्हणायची. आणि कोकणात नारळ दारात असतो. वेंगुर्ल्याच्या घरात खोबरं म्हणजे चैन नव्हती, परसातलं झाड होतं. वर्सोव्याच्या कोळणीला ते विकत घ्यावं लागायचं. दोन कालवणांमधला फरक समजून घेताना ही साधी गोष्ट बऱ्याचदा विसरली जाते. सुकं करतानाही मालवणी हात ओलं खोबरं सढळ घालतो, पाणी पूर्ण आटवतो आणि ते आटलेलं पाणी खोबऱ्याच्या किसात मुरतं. पाणी टाकलं जात नाहीच, फक्त रूप बदलतं.

ईस्ट इंडियन घरांत बॉटल मसाला असतो. उन्हाळ्यात वाळवलेले, भाजलेले वीस-पंचवीस जिन्नस कुटून पूर्वी बाटल्यांत दाबून भरून ठेवत, त्यावरून हे नाव. त्यात तिसऱ्या, कांदा आणि आंबटाला चिंच किंवा व्हिनेगर. बरोबर तांदळाची भाकरी. कोळ्यांच्या कालवणाशी याचं नातं जवळचं आहे, आणि गोराई-मनोरीला दोन्ही घरं एकाच खाडीवर राहत आली आहेत हे पाहिलं तर त्याचं नवल वाटत नाही.

आंबटावरचा वाद मला खरा वाटतो, बाकीच्यांपेक्षा जास्त. चिंच रसाला दाटपणा आणि काळसर रंग देते. आमसूल रस पातळ ठेवतं, आंबटपणा हळू सोडतं आणि जास्त वेळ राहिलं तर तुरट होतं. कैरी फक्त तीन महिने, पण त्या तीन महिन्यांत तिच्यासमोर बाकी दोन्ही फिकी पडतात. मार्च-एप्रिलमधल्या तिसऱ्या आणि कैरी, त्याला दुसरा पर्याय मला तरी माहीत नाही. चिंच कोळ्यांची आणि आमसूल मालवण्यांचं, अशी विभागणी आज भांडुप किंवा चारकोपला शोधायला गेलात तर फारशी सापडणार नाही. किराणा दुकानात दोन्ही शेजारी शेजारी मिळतात आणि सुना दोन्हीकडून येतात.

वहीत काय आहे आणि काय नाही

हा वाद सोडवायला जुन्या पुस्तकांकडे वळावं, तर तिथे एक अडचण येते. मराठीत मासळीच्या पाककृती छापल्या गेल्या त्या लिहिणाऱ्या समाजांच्या. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' 1910 साली आलं, त्यात पाठारे प्रभू घरांची समृद्ध रीत नोंदली गेली. पुढे सारस्वत, कायस्थ प्रभू आणि मालवणी पाककृतींची पुस्तकं आली. कोळ्यांची आणि आगऱ्यांची रीत खूप उशिरा कागदावर आली, आणि आजही तिचा बराच भाग बाईच्या हातात आहे. छापील पुरावा पाहून 'मूळ' कालवण कुठलं हे ठरवायला गेलं, तर निकाल लिहिणाऱ्यांच्या बाजूने लागणार. तो निकाल मला मान्य नाही. ज्यांनी तिसऱ्या वेचल्या त्यांचं कालवण जुनं असण्याची शक्यता अधिक, एवढंच तर्काने म्हणता येतं. पुरावा म्हणून दाखवायला वही नाही.

उलट शास्त्रज्ञांच्या नोंदी मात्र चांगल्या आहेत. 1970च्या दशकात मराठवाडा विद्यापीठातल्या, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या औरंगाबादच्या प्राणिशास्त्रज्ञांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या खाडीत तिसऱ्यांच्या प्रजननाचा अभ्यास केला. अंधेरीत तर वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, 1961 साली स्थापन झालेली. कोळीवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिसरी कधी अंडी सोडते, किती खारं पाणी तिला मानवतं, हे तिथल्या ग्रंथालयात मिळतं. ती कशी शिजवायची हे कोळीवाड्यात. या दोन ज्ञानांची गाठ अजून नीट पडलेली नाही.

दूरच्या किनाऱ्यांवर

असा वाद करणारे आपण एकटे नाही. दक्षिणेकडे मंगळूरला तुळू घरांत शिंपल्यांना मरवाई म्हणतात आणि तिच्या रसात तांदळाचे उकडलेले गोळे, पुंडी, सोडतात. म्हणजे भाकरी भांड्यातच. गोव्यात ओल्या खोबऱ्याचं सुकं घरोघरी होतं.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शिंपल्यांचं चाउडर करतात. न्यू इंग्लंडमध्ये दूध किंवा साय, बटाटा, खारवलेली डुकराची चरबी आणि कडक बिस्किटं. न्यू यॉर्कच्या बाजूला दुधाऐवजी टोमॅटो. ऱ्होड आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर दूधही नाही, टोमॅटोही नाही, शिंपल्याचं निवळ पाणीच रस म्हणून. 1751 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात माशांच्या चाउडरची कृती पद्यात छापून आली होती. टोमॅटोवरून तिथे इतकं पेटलं की 1939 साली मेन राज्याच्या विधिमंडळात चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदी आणणारं विधेयक मांडण्यात आलं. ऱ्होड आयलंडची निवळ पद्धत वाचली तेव्हा मला सासूबाईंचा टोप आठवला. तिकडे बटाटा, इकडेही बटाटा. तिकडे बिस्किट बुडवायचं, इकडे भाकरी. एकमेकांची गाठ न पडलेल्या दोन किनाऱ्यांना एकाच पाण्याने एकच गोष्ट सुचवली.

पण त्या किनाऱ्याकडून घेण्यासारखं आहे ते भांड्याच्या बाहेरचं. 1924-25च्या हिवाळ्यात अमेरिकेत दूषित कालवांमुळे विषमज्वराची मोठी साथ आली. त्यानंतर 1925 साली शिंपल्यांच्या आरोग्याची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली. पकडणारा प्रत्येक पोत्याला चिठ्ठी लावतो, त्यावर कुठल्या पाण्यातून आणि कुठल्या तारखेला काढलं हे लिहिलेलं असतं, आणि विकणाऱ्याने ती चिठ्ठी नव्वद दिवस जपून ठेवायची. युरोपात शिंपल्यांच्या गरातल्या ई कोलाय जिवाणूंच्या मोजणीवरून खाड्यांचे वर्ग पाडतात. शंभर ग्रॅम गरात 230 पर्यंत असतील तर थेट खाता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करून घ्यावे लागतात. आपल्याच देशात केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला 2014 साली मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी, पिल्लं वाढायच्या काळात, वेचणी बंद असते आणि जाळ्याच्या आसाचा आकारही ठरलेला आहे.

खाडीचं पाणी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तिसरी पाणी गाळून जगते. एका नळीने पाणी आत घ्यायचं, त्यातले सूक्ष्म जीव कल्ल्यांवर अडकवायचे, दुसऱ्या नळीने पाणी बाहेर. पाण्यात जे असेल ते तिच्या अंगात उतरतं. चांगलंही आणि वाईटही. म्हणून ज्या पाण्यासाठी आपण एवढे विळीवर बसतो, ते पाणी म्हणजे खाडीच आहे.

मुंबई महानगरपालिकेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं सात ठिकाणी आहेत. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप. यातल्या वरळी आणि वांद्र्याचं पाणी लांब नळांनी समुद्रात सोडलं जातं. वर्सोवा आणि मालाडचं मालाडच्या खाडीत जातं, घाटकोपर आणि भांडुपचं ठाण्याच्या खाडीत. नव्या, अधिक क्षमतेच्या केंद्रांची कामं हाती घेतली आहेत. त्याच ठाणे खाडीला 2015 साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून घोषित केलं आणि 2022 साली ती रामसर यादीत गेली. उच्च न्यायालयाने 2005 आणि 2018 च्या आदेशांनी कांदळवनांना संरक्षण दिलं. खाडी एका बाजूने जपली जात आहे आणि दुसऱ्या बाजूने तीच शहराची मोरी आहे.

या मुद्द्यावर तीन भूमिका ऐकू येतात. पहिली म्हणते, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खात आलो, नीट शिजवलं की काही होत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धं. उकळल्याने जिवाणू मरतात. जड धातू उकळल्याने जात नाहीत. काही सूक्ष्म शैवालांमुळे शिंपल्यांत साठणारं विषही शिजवून नष्ट होत नाही. 1983 साली मंगळूरजवळ कुंबळे इथे आणि 1997 साली केरळात विळिंजम इथे अशा विषबाधा झाल्या होत्या. मिठाच्या पाण्यात काही तास ठेवून रेती जाते, काही जिवाणूही कमी होतात, धातू नाही. दुसरी भूमिका म्हणते, मुंबईच्या खाड्यांतलं काहीच खाऊ नये. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण तिचा भुर्दंड सगळ्यात आधी बसतो तो वेचणाऱ्या बाईला, जिने हे पाणी घाण केलेलं नाही. तिसरी भूमिका व्यवहाराची. पावसाळ्यात खाऊ नये, कारण तेव्हा नाल्यांचं पाणी खाडीत सगळ्यात जास्त उतरतं. बाहेरगावच्या, म्हणजे रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांतल्या घ्याव्यात. विश्वासाच्या कोळणीकडून घ्याव्यात.

मी स्वतः तिसऱ्या भूमिकेची आहे. पण तिच्यातली कमजोर जागा मला रोज बाजारात दिसते. चार बंगल्याच्या मार्केटमध्ये ओल्या गोणपाटावर तिसऱ्यांचे वाटे लावलेले असतात. एका वाट्यात गुळगुळीत पिवळट शिंपले आणि दुसऱ्यात रेघांचे, उघडच वेगवेगळ्या चिखलांतून आलेले. कुठल्या खाडीच्या, असं विचारलं की मावशी सांगते, आणि ती खोटं सांगत असेल असं मला वाटत नाही. पण ती स्वतः वेचत नाही. तिच्याकडे माल पहाटे टेम्पोतून येतो, टेम्पोवाल्याला तो दुसऱ्याने दिलेला असतो. गोणीला चिठ्ठी नसते.

उपनगरांच्या खाड्यांतल्या कुठल्या पट्ट्यातला शिंपला कोणत्या महिन्यात खाण्याजोगा आहे, हे सर्वसामान्य गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत कुणी जाहीर करत नाही. अभ्यास होतात, पण शोधनिबंधात राहतात. वेचणाऱ्या बायकांचा अनुभव, कुठला चिखल काळा झाला आणि कुठल्या भागातल्या तिसऱ्या बारीक झाल्या, तोही कुणी विचारून मांडत नाही. सिंधुदुर्गात कांदळवन कक्षाच्या प्रयत्नांतून महिला बचत गटांनी कालवं आणि शिनाण्यांची शेती केली, ती चालू शकते हे दिसलं. तिसऱ्यांची तशी शेती उपनगरांजवळच्या कुठल्या स्वच्छ पाण्यात करता येईल का, की केरळसारखी वेचणीची बंदी आपल्या खाड्यांत आधी आणावी, यावर कोळी संघटना, शास्त्रज्ञ आणि पालिका एका टेबलाशी बसलेली मला अजून दिसलेली नाही.

मागच्या पौर्णिमेनंतर मढला गेले होते. सासूबाई आता विळीवर बसत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. नणंद खाडीवर गेली होती, पण तिसऱ्या आणल्या त्या बाजारातून. चिखल पूर्वीसारखा राहिला नाही, पाय घालवत नाही, म्हणाली. त्या तिसऱ्या आम्ही रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या. सकाळी सासूबाईंनी पातेलं उजेडात धरलं, तळाचा थर बघितला, मग नाकाशी नेलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. पाच-सहा तिसऱ्या उचलून बाजूला टाकल्या. बाकीच्या माझ्या हातात दिल्या आणि टोप विळीखाली सरकवला.